स्प्रिंग किती कडक, शॉकअप किती भारी?

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या डांबराच्या नावावर एक विक्रम आहे. ३ जून २०२२ च्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी अमरावती–अकोला टप्प्यात डांबर पडायला सुरुवात झाली आणि ७ जूनच्या संध्याकाळी ५ वाजता काम थांबले. १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा सलग ७५ किलोमीटरचा थर अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. अशा सपाट डांबरावर गाडीच्या सस्पेन्शनची परीक्षा होत नाही. ती होते महामार्ग सोडून भातकुली-दर्यापूरच्या बाजूला वळल्यावर. पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात आणि वरचा रस्ता तिच्या तालावर वरखाली होतो. खड्डा एकही नसतो, डांबर शाबूत असते, तरी गाडी हेलकावे खात राहते. ‘गाडी लय झुलते ना भाऊ,’ ही इकडच्या गॅरेजात रोज ऐकू येणारी तक्रार आहे आणि या प्रकरणाचा विषयही तोच आहे.

चपळ गाडी बाळगणाऱ्या, वर्षाकाठी एखाद-दोनदा ती रेसिंग ट्रॅकवर पळवण्याची हौस असणाऱ्या माणसाची अडचण इथून सुरू होते. बडनेऱ्यातून ट्रॅक जवळ नाही. ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचे कारी, कुठेही जायचे तर हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंतर कापावे लागते. म्हणजे ट्रॅकवरच्या काही तासांसाठी बसवलेले सस्पेन्शन उरलेले वर्ष वऱ्हाडातल्या रस्त्यांवर चालवायचे असते. अशा गाडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: स्प्रिंग आपल्या रस्त्याला विचारून ठरवावी, आणि पैसा शॉकअपवर खर्च करावा. बाजारात बहुतेक जण याच्या उलट करतात. आधी गाडी खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगा येतात, शॉकअप कंपनीचेच राहतात, आणि सहा महिन्यांत त्यांच्या सीलमधून तेल गळू लागते.

दोघांची कामे वेगळी आहेत. स्प्रिंग वजन पेलते आणि दबली की साठवलेली ताकद परत फेकते. शॉकअप वजन पेलत नाही. तो हालचालीला विरोध करतो आणि तिची ऊर्जा तापवून संपवतो. हे काम गाडीखाली वाकून पाहण्यापेक्षा मालगाडीच्या बोगीत जास्त उघडपणे दिसते. बडनेऱ्याला रेल्वेने मालडबे दुरुस्तीचा कारखाना उभारला आहे. भारतातल्या बहुसंख्य मालडब्यांखाली असते ती कॅस्नब बोगी. तिच्या दोन्ही बाजूंना जाड स्प्रिंगांचा जुडगा असतो, मोठ्या स्प्रिंगच्या पोटात लहान स्प्रिंग. शेजारीच लोखंडी पाचर असते आणि तिच्याखाली तिची स्वतःची स्प्रिंग. डबा वरखाली होऊ लागला की ही पाचर बाजूच्या पोलादी पट्टीवर घासते. तेल नाही, सील नाही, केवळ घर्षण. तोच मालडब्याचा शॉकअप.

आता त्या डब्यापुढचा पेच पाहा. कोळसा वाहणारा बॉक्सएन डबा रिकामा असताना सुमारे साडेबावीस टन असतो आणि भरल्यावर ८१ टनांच्या पुढे जातो. भरलेल्या डब्याला पुरेल इतकी कडक स्प्रिंग दिली तर रिकामा डबा रुळावर उडतो. रिकाम्याला साजेशी दिली तर भरलेला बसतो. कॅस्नबच्या २२ एचएस प्रकारात यावर तोड काढली आहे. आतली स्प्रिंग थोडी आखूड ठेवायची. रिकामा डबा फक्त बाहेरच्या स्प्रिंगवर तरंगतो, भरला की आतलीही कामाला लागते, आणि वजन वाढेल तसे पाचरीचे घर्षणही वाढते. स्प्रिंग बदलली की तिला आवरणारी ताकदही तिच्या जोडीने बदलली पाहिजे, हे मालडब्याच्या रचनेत गृहीत धरलेले आहे. मोटारीत ते आपल्यालाच लक्षात ठेवावे लागते.

स्प्रिंगचा कडकपणा किलो प्रति मिलिमीटरमध्ये सांगतात. ‘चार किलोची स्प्रिंग’ म्हणजे एक मिलिमीटर दाबायला चार किलो वजन लागणारी. पण नुसता हा आकडा निरुपयोगी आहे, कारण तीच स्प्रिंग हलक्या गाडीत दगडासारखी आणि जड गाडीत मऊ वाटते. खरा आकडा आहे गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावा घेऊ पाहते, म्हणजे तिची स्वतःची कंपनसंख्या. घरगुती गाड्या साधारण १ ते १.५ हर्ट्झ, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्या १.५ ते २, पंख नसलेल्या ट्रॅकच्या गाड्या २ ते २.५ किंवा थोड्या वर. हवेच्या दाबाने जमिनीला चिकटणाऱ्या शर्यतीच्या गाड्या ३ ते ५ हर्ट्झच्याही पुढे जातात.

एक उदाहरण सोडवून पाहू. पुण्याजवळच्या चाकणला २०२२ पर्यंत तयार होत होती ती फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घ्या, किंवा तिच्याच वजनाची, सुमारे ११०० किलोची, पुढची चाके ओढणारी कुठलीही हॅचबॅक. चालकासकट पुढच्या एका कोपऱ्यावर साधारण ३५० किलो येतात. त्यातून चाक, डिस्क, कॅलिपर यांचे ४० किलो वजा केले की स्प्रिंगवर ३१० किलो उरतात. हिला १.४ हर्ट्झवर ठेवायचे तर चाकापाशी सुमारे २.४ किलो प्रति मिलिमीटर कडकपणा लागतो. १.७ हर्ट्झला ३.६ आणि २.३ हर्ट्झला ६.६. कंपनसंख्या दुप्पट करायची तर स्प्रिंग चौपट कडक करावी लागते, म्हणून वरच्या टोकाला आकडे झपाट्याने वाढतात. ताडून पाहायला एक सोपी युक्तीही आहे. गाडी स्वतःच्या वजनाने स्प्रिंग किती मिलिमीटर दाबून बसली आहे त्याचे वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा, हर्ट्झ मिळतात. १.४ च्या गाडीची स्प्रिंग १२७ मिलिमीटर दबलेली असते, २.३ च्या गाडीची फक्त ४७.

इथे ‘चाकापाशी’ हा शब्द महत्त्वाचा. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग चाकाच्या जवळजवळ बरोबरीने दबते. डबल विशबोनमध्ये ती आत बसते. चाक १०० मिलिमीटर उचलले तर ती कदाचित ७०च दबेल, आणि चाकाला जाणवणारा कडकपणा ०.७ चा वर्ग करून निघतो, म्हणजे निम्मा. मित्राच्या वेगळ्या गाडीतला स्प्रिंगचा आकडा उचलून आपल्या गाडीत घालणे म्हणूनच धोक्याचे.

आता काळ्या मातीकडे परत येऊ, कारण निवडीचे गणित तिथेच ठरते. समजा रस्त्याची एक लाट २० मीटर लांबीची आहे. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २७.८ मीटर कापते, म्हणजे तिला सेकंदाला १.४ लाटा लागतात. कंपनीच्या मऊ स्प्रिंगवरची गाडी नेमकी याच ठेक्यावर झुलायला उत्सुक असते. झोक्याला योग्य वेळी धक्का बसत राहावा तसे होते. प्रत्येक लाट आधीच्या हेलकाव्यात भर घालते. मग मालक म्हणतो, स्प्रिंग कडक करू. ती १.७ हर्ट्झची केली की त्याच लाटेवरचा हा मेळ ताशी १२२ किलोमीटरवर जातो. पण पुढे १५ मीटरची लाट येते, आणि तिच्यावर तोच मेळ ९२ किलोमीटरवर जमतो. स्प्रिंग बदलून दुखणे एका वेगावरून दुसऱ्या वेगावर सरकते, जात नाही. लाटा सगळ्या लांबीच्या असतात.

त्याला औषध एकच, शॉकअप. गाडीला एकदा दाबून सोडले की ती मुळीच न झुलता परत जागेवर येऊन थांबायला जो कमीत कमी रोध लागतो, त्याला पूर्ण रोध म्हणतात. आरामाच्या गाडीत त्याच्या २० ते ३० टक्के रोध असतो, ट्रॅकच्या गाडीत ५० ते ७०. मेळ जमलेल्या वेगावर ३० मिलिमीटर उंचीची लाट आली, तर ३० टक्के रोधाची गाडी सुमारे ५८ मिलिमीटर वरखाली होते. ५० टक्क्यांची ४२ मिलिमीटर. शॉकअप म्हातारा होऊन रोध १५ टक्क्यांवर आला असेल, तर तीच गाडी १०० मिलिमीटरच्या पुढे जाते आणि बंप स्टॉपवर, म्हणजे प्रवासाच्या शेवटी असलेल्या रबरी ठोकळ्यावर, आपटते. ज्याला वाटते की आपली गाडी फार मऊ आहे, त्याच्या गाडीत पुष्कळदा स्प्रिंग मऊ नसते, शॉकअप संपलेला असतो. कंपनीचे नवे शॉकअप आणि नवी वरची माउंटिंग घालून आधी एक महिना गाडी चालवून पाहावी, असा माझा आग्रह असतो. भारतात हे भाग बनवण्याचा अनुभवही जुना आहे. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली मुंबईत मुलुंडला सुरू झाली.

मग रोध जितका जास्त तितका चांगला का नाही? कारण झटपट येणाऱ्या धक्क्यांना जास्तीचा रोध तसाच्या तसा आत पोचवतो. काँक्रीटच्या महामार्गावर साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या मर्यादेने जाताना असे सांधे सेकंदाला सातच्या वर लागतात, आणि माणसाचे धड ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांनाच सर्वांत जास्त त्रासते. म्हणून चांगल्या शॉकअपच्या आत पातळ पोलादी चकत्यांची चळत असते. दांडा हळू सरकत असेल तर तेल बारीक वाटेने जाते आणि रोध मोठा मिळतो. दांडा झटक्याने आत गेला की चकत्या वाकतात, वाट मोठी होते आणि रोध पूर्वीच्या चढाने वाढत नाही.

स्टिअरिंग वळवणे, ब्रेक दाबणे या हालचालीत दांडा सेकंदाला ५० ते १०० मिलिमीटरने सरकतो. खड्ड्यात तो सेकंदाला एक मीटरच्या पुढे जातो. काळ्या मातीच्या लाटांवर तो मध्ये असतो, २०० ते ३०० मिलिमीटरच्या आसपास. स्वस्तातले ‘स्पोर्ट’ शॉकअप इथेच फसवतात. दुकानातून निघताच स्टिअरिंगला गाडी कडक लागते, माणूस खूश होतो, आणि मधल्या वेगात आवर नसल्याने दर्यापूरच्या रस्त्यावर गाडी पूर्वीसारखीच झुलते. वऱ्हाडातल्या माणसाने हा मधला पट्टा विचारूनच शॉकअप घ्यावा.

दोन दिशांचा हिशेबही वेगळा आहे. चाक वर जाताना स्प्रिंग स्वतःच विरोध करते, म्हणून दाबाच्या दिशेला रोध कमी पुरतो. परत येताना साठवलेली सगळी ताकद शॉकअपलाच आवरायची असते. स्प्रिंग २.४ वरून ३.६ किलोची केली तर रोधाचे प्रमाण तेच राखायला शॉकअप सुमारे २० टक्क्यांनी जड लागतो. एवढ्यापर्यंत कंपनीचे नवे कोरे शॉकअप कसेबसे निभावतात, ६.६ च्या स्प्रिंगवर ते निभावूच शकत नाहीत. उलट परतीचा रोध अती केला तर एका उंचवट्यानंतर चाक खाली येण्याआधीच दुसरा येतो, तिसरा येतो, आणि गाडी पायरीपायरीने खाली ओढली जाऊन बंप स्टॉपवर टेकते. शॉकअपवर रोध कमीजास्त करणारे क्लिक फिरवण्याची सोय असेल तर सगळ्यात सैल टोकाकडून सुरुवात करावी, एकेक क्लिक वाढवत तोच रस्ता पुन्हा चालवावा, आणि उंचवट्यानंतर हेलकावा एकाच झोक्यात संपतो तिथे थांबावे. ट्रॅकवर त्याहून दोन-तीन क्लिक जास्त, परत निघताना पुन्हा मागे.

मोनोट्यूब घ्यावा की ट्विनट्यूब? बिल्स्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी गॅसच्या दाबाचा मोनोट्यूब शॉकअप उत्पादनात आणला. त्यात तेल आणि दाबलेला नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगती चकती असते, त्यामुळे तेलाला फेस येत नाही, आणि नळी एकच असल्याने उष्णता थेट बाहेरच्या हवेत जाते. सलग वीस मिनिटे ट्रॅकवर पळताना हा फरक चाकावर कळतो. पण त्याच एका नळीला गिट्टीचा मोठा दगड लागून पोचा पडला की आतला पिस्टन अडकतो. ट्विनट्यूबच्या बाहेरच्या नळीला पोचा पडला तरी आतली नळी वाचते. ट्रॅकचे दिवस मोजके आणि गावरस्ते रोजचे असतील, तर चांगल्या प्रतीचा, परतीचा रोध बदलता येणारा ट्विनट्यूब मी निःसंकोच सुचवेन.

स्प्रिंगबद्दल एक गोष्ट ताणून सांगायला हवी: प्रवासाची जागा. गाडी ४० मिलिमीटर खाली बसवली की दिसायला सुरेख होते, पण समजा पुढच्या चाकाला वर जायला ७० मिलिमीटर जागा होती, तर आता ३०च उरली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा हवा. गावागावातले गतिरोधक हे मानक वाचून बांधलेले नसतात. मग इंजिनाखालचा चेंबर घासतो. त्याशिवाय मॅकफर्सनमध्ये गाडी फार खाली आणली की लोअर आर्म चाकाकडे वर चढलेला दिसतो. त्याने गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षाही जास्त खाली जातो, आणि खाली बसलेली गाडी वळणावर उलट जास्त कलू पाहते. १५ ते २० मिलिमीटरपेक्षा जास्त उतरवू नये, हे माझे इथल्या रस्त्यांसाठीचे ठाम मत.

जागा पुरते की नाही हे मोजायला यंत्र लागत नाही. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक प्लास्टिकचा टाय बेताने आवळून नळीच्या तोंडाशी टेकवायचा. नेहमीचा रस्ता, नेहमीचे प्रवासी, बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतले गतिरोधक आणि महामार्गाचा टप्पा असे सगळे फिरून यायचे आणि जॅक लावून टाय कुठवर सरकला ते पाहायचे. बंप स्टॉपच्या अलीकडे १० ते १५ मिलिमीटर उरले असतील तर स्प्रिंग बरोबर आहे. अर्धी जागाही वापरली गेली नसेल तर ती गरजेपेक्षा कडक. टाय बंप स्टॉपमध्ये रुतला असेल तर एक तर स्प्रिंग मऊ आहे, नाही तर गाडी फार खाली आहे.

पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचा मेळ हा स्वतंत्र विषय आहे. १९३०च्या दशकात रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ओली यांनी दाखवून दिले की मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जास्त कंपनसंख्येची हवी. अडीच मीटर अंतरावरची चाके ताशी ८० ला एकाच उंचवट्यावर ०.११ सेकंदाच्या अंतराने चढतात. मागचे टोक थोडे जलद परतले तर ते पुढच्याला गाठते आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे न डोलता सपाट वरखाली होऊन थांबते. रस्त्याच्या गाडीला १० ते १५ टक्के फरक ठीक.

वळणावर गाडी कलते म्हणून स्प्रिंग कडक करू नका. ते काम अँटी-रोल बारचे. बार फक्त दोन चाकांच्या फरकाला विरोध करतो, दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली तर तो मध्ये येत नाही. पुढची चाके ओढणारी गाडी ट्रॅकवर नाक बाहेर नेते, म्हणून बार मागे वाढवावा. पुढच्या चाकांना कँबर बोल्टने सुमारे उणे दोन अंश दिले तर जी पकड मिळते ती महागड्या स्प्रिंगने मिळत नाही. एरवी रस्त्यावर उणे एकच्या जवळ ठेवले की टायर आतून झिजत नाहीत. टायरही स्प्रिंगच आहेत. हवेचा दाब प्रत्येक फेरीनंतर बघावा.

तेव्हा अशी हॅचबॅक वऱ्हाडात राहणार असेल तर पुढे १.६ ते १.७ हर्ट्झ, मागे त्याहून किंचित जास्त, उंची फार तर २० मिलिमीटरने कमी, आणि स्प्रिंगसाठीच जुळवलेले शॉकअप. त्याआधी बुश, बॉल जॉइंट, माउंटिंग आणि चांगले टायर. सहा-सात किलोच्या स्प्रिंगांचा कॉइलओव्हर संच ज्याची गाडी ट्रॅकवर ट्रेलरने जाते त्याच्यासाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधने आहेत. काम हाती घेण्यापूर्वी आरटीओत चौकशी करा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

आणि खरेदीला जाल तेव्हा विक्रेत्याकडे दोन कागद मागा. एक स्प्रिंगचा आकडा, किलो प्रति मिलिमीटरमध्ये. दुसरा शॉकअपचा डायनोवर, म्हणजे रोध मोजणाऱ्या यंत्रावर, काढलेला आलेख, दोन्ही दिशांचा, सेकंदाला ५० मिलिमीटरपासून पुढच्या वेगांचा. हे दोन्ही ज्याच्याकडे नाहीत, त्याच्याकडून तो संच घेऊ नका, तो कितीही नावाजलेला असो.